स्टॅटिन औषधांचे तीव्रतेनुसार वर्गीकरण : वैद्य व औषधविक्रेत्यांसाठी एक अभ्यास

रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन वर्गातील गोळ्या नियमित घेणारा रुग्ण आज प्रत्येक वैद्याच्या चिकित्सालयात येतो. तो बहुधा त्या गोळ्यांसाठी आलेला नसतो. संधिशूल, अम्लपित्त, मलावष्टंभ, अनिद्रा अशा एखाद्या तक्रारीसाठी आलेला असतो. पूर्वीची चिकित्सा विचारताना पिशवीतून गोळ्यांची पाकिटे बाहेर येतात आणि त्यांबरोबर दोन प्रश्नही येतात. पहिला, "पूर्वी चाळिसाची गोळी होती, आता दहाची दिली आहे; म्हणजे औषध कमी झाले ना?" दुसरा, "आपले औषध सुरू झाल्यावर ही गोळी बंद केली तर चालेल ना?" हेच प्रश्न औषधविक्रेत्याच्या काउंटरवरही विचारले जातात, आणि तेथे उत्तर देण्यास क्षणभराचाच अवधी असतो.

या प्रश्नांचे उत्तर देण्यापूर्वी रुग्ण घेत असलेली गोळी किती बलवान आहे हे ठाऊक असावे लागते. ते पाकिटावरील मिलिग्रॅमच्या आकड्यावरून कळत नाही. ते ज्या पद्धतीने कळते तिला तीव्रतेनुसार वर्गीकरण म्हणतात. प्रस्तुत लेखात या वर्गीकरणाचा परिचय करून देऊन आपल्या दैनंदिन व्यवहारात त्याचा उपयोग कसा करावा, हे आम्ही मांडणार आहोत. स्टॅटिन कोणी लिहावे हा या लेखाचा विषय नाही. चिठ्ठी दुसऱ्याची असली तरी ती आपल्याला वाचता आली पाहिजे, एवढाच आमचा आग्रह आहे.

१. वजन आणि बळ

वैद्यांना ही कल्पना नवी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचविसाव्या अध्यायात श्रेष्ठ द्रव्यांची जी गणना आहे, तीत सुखविरेचनासाठी त्रिवृत, मृदू विरेचनासाठी आरग्वध आणि तीक्ष्ण विरेचनासाठी स्नुहीचे क्षीर सांगितले आहे. हे भेद द्रव्याच्या वजनावरून केलेले नसून कार्याच्या बळावरून केलेले आहेत. बहाव्याचा मगज पुष्कळ द्यावा लागतो, निवडुंगाच्या चिकाचे थोडे थेंबही भारी पडतात. वजन जास्त म्हणून बहावा तीक्ष्ण, असे कोणी म्हणणार नाही.

स्टॅटिनच्या बाबतीत नेमकी हीच चूक होते. या वर्गातील सर्व औषधांचे कार्य एकाच जागी होते. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होताना एच.एम.जी. कोएन्झाइम-ए रिडक्टेज नावाचे एक विकर लागते. स्टॅटिन त्या विकराला अडवते. यकृतपेशीत कोलेस्टेरॉलची उणीव भासू लागली की पेशी आपल्या पृष्ठभागावरील एल.डी.एल. ग्राहकांची संख्या वाढवते, आणि ते ग्राहक रक्तातील एल.डी.एल. कण ओढून घेतात. रक्तातील पातळी घटते ती मुख्यतः या दुसऱ्या क्रियेमुळे. कार्याची जागा एक असली, तरी विकराला किती घट्ट धरून राहायचे आणि शरीरात किती काळ टिकायचे, हे प्रत्येक रेणूचे वेगळे असते. म्हणून एकाचे १० मि.ग्रॅ. दुसऱ्याच्या ४० मि.ग्रॅ. इतके काम करू शकते.

याचे टोकाचे उदाहरण म्हणजे सेरिव्हास्टॅटिन. त्याची मात्रा १ मि.ग्रॅ. पेक्षाही कमी होती. स्नायूंचा गंभीर ऱ्हास होऊन मृत्यू झाल्याच्या नोंदी आल्याने २००१ साली ते बाजारातून काढून घेण्यात आले. आकडा लहान म्हणून औषध सौम्य, या समजुतीला यापेक्षा वेगळे उत्तर नको.

२. तीव्रतेचे तीन वर्ग

अमेरिकेतील हृदयरोगविषयक दोन प्रमुख संस्थांनी, अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजी आणि अमेरिकन हार्ट असोसिएशन यांनी, २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत स्टॅटिनचे तीन वर्ग केले. २०१८ च्या आवृत्तीत ते किरकोळ फरकाने कायम ठेवले. वर्गाचा आधार एकच आहे : दररोज घेतल्यास एल.डी.एल. कोलेस्टेरॉल मूळ पातळीपेक्षा सरासरी किती टक्क्यांनी घटते. पुढील सर्व मात्रा प्रौढांच्या दैनिक मात्रा आहेत.

उच्च तीव्रता (घट ५० टक्के किंवा अधिक) :
अटोर्व्हास्टॅटिन ४० ते ८० मि.ग्रॅ.; रोझुव्हास्टॅटिन २० ते ४० मि.ग्रॅ.

मध्यम तीव्रता (घट ३० ते ४९ टक्के) :
अटोर्व्हास्टॅटिन १० ते २० मि.ग्रॅ.; रोझुव्हास्टॅटिन ५ ते १० मि.ग्रॅ.; सिमव्हास्टॅटिन २० ते ४० मि.ग्रॅ.; प्रव्हास्टॅटिन ४० ते ८० मि.ग्रॅ.; लोव्हास्टॅटिन ४० ते ८० मि.ग्रॅ.; फ्लुव्हास्टॅटिन ८० मि.ग्रॅ.; पिटाव्हास्टॅटिन १ ते ४ मि.ग्रॅ.

अल्प तीव्रता (घट ३० टक्क्यांपेक्षा कमी) :
सिमव्हास्टॅटिन १० मि.ग्रॅ.; प्रव्हास्टॅटिन १० ते २० मि.ग्रॅ.; लोव्हास्टॅटिन २० मि.ग्रॅ.; फ्लुव्हास्टॅटिन २० ते ४० मि.ग्रॅ.

या कोष्टकात दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, उच्च वर्गात केवळ दोनच औषधे आहेत. सिमव्हास्टॅटिन ८० मि.ग्रॅ. देऊन वरच्या पायरीवर जाण्याचा प्रयत्न पूर्वी होत असे; परंतु त्या मात्रेत स्नायूंना होणारी इजा वाढते असे आढळल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ साली ती मात्रा नव्या रुग्णांना सुरू करू नये असे बजावले. दुसरी, अल्प वर्गात अटोर्व्हास्टॅटिन आणि रोझुव्हास्टॅटिन यांचे नाव नाही. बाजारात मिळणारी रोझुव्हास्टॅटिनची ५ मि.ग्रॅ.ची इवलीशी गोळीसुद्धा मध्यम वर्गातच येते.

पाठांतरासाठी एक स्थूल समीकरण ध्यानात ठेवता येईल : रोझुव्हास्टॅटिन ५, अटोर्व्हास्टॅटिन १०, सिमव्हास्टॅटिन २० आणि प्रव्हास्टॅटिन ४० मि.ग्रॅ. या मात्रा साधारण समबल आहेत. प्रत्येक पायरीवर आकडा दुप्पट होतो, बळ जवळपास तेवढेच राहते.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. चाळिसाची गोळी दहाची झाली, म्हणजे औषध कमी झाले का? सिमव्हास्टॅटिन ४० ऐवजी रोझुव्हास्टॅटिन १० आले असेल, तर औषध कमी झालेले नाही. किंचित वाढलेच आहे. अटोर्व्हास्टॅटिन ४० ऐवजी अटोर्व्हास्टॅटिन १० आले असेल, तर रुग्ण उच्च वर्गातून मध्यम वर्गात उतरला आहे. प्रश्नाचे शब्द तेच, उत्तरे परस्परविरुद्ध. औषधाचे मूळ नाव वाचल्याशिवाय उत्तर देऊ नये ते यासाठीच.

३. मात्रा दुप्पट केल्याने काय साधते?

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्टेलर' या चाचणीत चार स्टॅटिनची निरनिराळ्या मात्रांत सहा आठवडे तुलना करण्यात आली. एल.डी.एल.मधील सरासरी घट पुढीलप्रमाणे होती. अटोर्व्हास्टॅटिन १०, २०, ४० व ८० मि.ग्रॅ. मात्रेत अनुक्रमे ३७, ४३, ४८ व ५१ टक्के. रोझुव्हास्टॅटिन १०, २० व ४० मि.ग्रॅ. मात्रेत ४६, ५२ व ५५ टक्के. सिमव्हास्टॅटिन १०, २०, ४० व ८० मि.ग्रॅ. मात्रेत २८, ३५, ३९ व ४६ टक्के. प्रव्हास्टॅटिन १०, २० व ४० मि.ग्रॅ. मात्रेत २०, २४ व ३० टक्के.

हे आकडे बारकाईने पाहिले तर असे दिसते की परिणामाचा मोठा भाग पहिल्या मात्रेतच मिळतो. अटोर्व्हास्टॅटिनची मात्रा १० वरून ८० केली, म्हणजे आठपट केली, तरी घट ३७ वरून ५१ टक्क्यांवर जाते. आधुनिक वैद्यकात यासाठी 'सहाचा नियम' सांगतात : मात्रा दुप्पट केली की एल.डी.एल. सुमारे ६ टक्क्यांनी आणखी उतरते. दुष्परिणाम मात्र मात्रेबरोबर वाढतात. म्हणूनच एका मर्यादेनंतर मात्रा न वाढवता इझेटिमाइब हे आतड्यातील शोषण कमी करणारे औषध जोडतात. त्याने आणखी सुमारे २० टक्के घट मिळू शकते.

अटोर्व्हास्टॅटिन ४० मि.ग्रॅ.ची या चाचणीतील घट ४८ टक्के असूनही ते उच्च वर्गात कसे, असा प्रश्न चोखंदळ वाचकास पडेल. वर्गांच्या सीमा सरासरीवर बेतलेल्या आहेत आणि निरनिराळ्या चाचण्यांत ती सरासरी थोडी इकडेतिकडे होते. व्यक्तिगणिक तर फरक याहून मोठा असतो. प्रकृतिभेद मानणाऱ्या शास्त्राच्या अभ्यासकांना हे वेगळे सांगायला नको. म्हणून कोष्टक ही अपेक्षा आहे. रुग्णाचा अहवाल हा निर्णय आहे.

४. अहवाल कसा वाचावा

तीव्रतेचे वर्ग टक्क्यांत असल्याने उपचारापूर्वीचा अहवाल हाती असणे आवश्यक आहे. समजा, एका गृहस्थांचे उपचारापूर्वीचे एल.डी.एल. १६८ होते आणि अटोर्व्हास्टॅटिन २० मि.ग्रॅ. घेतल्यावर ते ९६ झाले. फरक ७२. त्यास मूळ १६८ ने भागून शंभराने गुणले असता सुमारे ४३ टक्के येतात. औषध अपेक्षेप्रमाणे लागू पडले आहे. हेच एल.डी.एल. जर १५० वर आले असते, तर घट ११ टक्क्यांपेक्षाही कमी ठरली असती. अशा वेळी औषध निरुपयोगी आहे असे मानण्याआधी गोळी रोज घेतली जाते का, हे विचारावे. बहुतेक वेळा उत्तर तेथेच सापडते. गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांत फेरतपासणी करावी असा संकेत आहे.

याच गृहस्थांना पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर ९६ हा आकडा समाधानकारक नाही. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार अल्प धोक्याच्या व्यक्तीत एल.डी.एल. १०० च्या खाली, अधिक धोक्याच्या व्यक्तीत ७० च्या खाली आणि अत्यंत अधिक धोक्याच्या व्यक्तीत, म्हणजे झटका वा पक्षाघात होऊन गेलेल्यांत, ५५ च्या खाली असावे. प्रयोगशाळेच्या कागदावरील 'नॉर्मल' हा शब्द रुग्णाचा पूर्वेतिहास जाणत नाही. तो जाणणारा वैद्य असतो.

५. कोणास कोणती तीव्रता

सर्वसाधारण संकेत असे. झटका, पक्षाघात किंवा धमन्यांतील सिद्ध झालेला अवरोध असलेल्या ७५ वर्षांपर्यंतच्या रुग्णास उच्च तीव्रता. एल.डी.एल. १९० किंवा त्याहून अधिक असणाऱ्यास, ज्यात आनुवंशिक विकार असण्याचा संभव असतो, उच्च तीव्रता. चाळीस ते पंच्याहत्तर वयाच्या मधुमेहीस किमान मध्यम तीव्रता. इतरांत वय, रक्तदाब, धूम्रपान, कुलवृत्त असा एकूण धोका पाहून निर्णय होतो. येथे स्थूल-कृश हा भेद फसवा ठरू शकतो. आनुवंशिक विकार असलेली व्यक्ती अगदी कृशही असते.

उच्च तीव्रतेचा आग्रह का, यामागे मोठ्या चाचण्या आहेत. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील चाचणीत ४,४४४ हृद्रोगी होते. सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण तुलनेने ३० टक्क्यांनी घटले. २००४ च्या दुसऱ्या एका चाचणीत नुकतीच तीव्र हृद्‌विकाराची घटना घडलेल्या ४,१६२ रुग्णांत अटोर्व्हास्टॅटिन ८० ची तुलना प्रव्हास्टॅटिन ४० शी करण्यात आली. उच्च तीव्रतेच्या गटात पुढील घटना १६ टक्क्यांनी कमी झाल्या. २०१० साली २६ चाचण्यांतील सुमारे १,७०,००० व्यक्तींच्या एकत्रित विश्लेषणातून असे दिसले की एल.डी.एल. सुमारे ३९ मि.ग्रॅ. प्रति डेसीलिटरने उतरले, की हृदय व रक्तवाहिन्यांच्या मोठ्या घटना जवळपास एक पंचमांशाने कमी होतात.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार अल्प व मध्यम तीव्रतेच्या स्टॅटिनने नव्याने मधुमेह निदान होण्याचे प्रमाण तुलनेने १० टक्क्यांनी, तर उच्च तीव्रतेने ३६ टक्क्यांनी वाढते. ही वाढ प्रामुख्याने ज्यांची साखर आधीच सीमेवर आहे अशांत दिसते. उच्च तीव्रतेवरील रुग्णाची साखर पाहत राहणे हे म्हणून वैद्याचेही काम आहे. आपल्या लोकांबाबत आणखी एक दक्षता : आशियाई वंशाच्या व्यक्तींत, भारतीयांतही, रोझुव्हास्टॅटिनची रक्तातील पातळी पाश्चात्त्यांच्या सुमारे दुप्पट आढळते, म्हणून ५ मि.ग्रॅ.ने आरंभ करण्याचा सल्ला आहे. वृक्काचे कार्य फार मंदावलेले असल्यास या औषधाची मात्रा १० मि.ग्रॅ.च्या पुढे नेत नाहीत.

६. औषधविक्रेत्यांसाठी

चिठ्ठीवर बहुधा व्यापारी नाव असते, आणि त्यापुढे आकडा असतो. तो आकडा दर वेळी स्टॅटिनचाच असतो असे नाही. आपल्याकडे ॲस्पिरिन व स्टॅटिन यांची संयुक्त कॅप्सूल मोठ्या प्रमाणावर विकली जाते. '७५/१०' असे लिहिलेले असल्यास ७५ हे ॲस्पिरिनचे व १० हे स्टॅटिनचे मि.ग्रॅ. असतात. काही नावांपुढे 'गोल्ड' असा शब्द असतो. तेथे बहुधा ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल व स्टॅटिन असे तीन घटक असतात. काहींत फेनोफायब्रेट असते. अशी कॅप्सूल घेणाऱ्या रुग्णास दुसऱ्या चिठ्ठीवरून सुटी स्टॅटिनची गोळीही दिली गेली, तर तो नकळत दोन स्टॅटिन घेऊ लागतो. दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवून मूळ घटकांची नावे वाचणे, हा यावरचा साधा उपाय आहे.

लिहिलेली गोळी शिल्लक नसल्यास 'त्याच वर्गातील दुसरी' देण्याचा मोह टाळावा. अटोर्व्हास्टॅटिन ४० ऐवजी रोझुव्हास्टॅटिन १० दिले, तर रुग्ण एक पायरी खाली उतरतो, आणि हे ना त्याला कळते ना त्याच्या डॉक्टरांना. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील नियम ६५ नुसार शेड्यूल एच मधील औषधाच्या जागी दुसरे औषध देण्यास मनाईच आहे. लिहिणाऱ्यास दूरध्वनी करून विचारावे. मागच्या पाकिटापेक्षा आकडा वेगळा असल्यास रुग्णास तोंडी सांगावे : "आकडा बदलला आहे, औषधही बदलले आहे, जुनी गोळी आता घेऊ नका."

औषधसेवनकालाविषयीही विचारणा होते. सिमव्हास्टॅटिन, लोव्हास्टॅटिन ही अल्पकाळ टिकणारी औषधे रात्री घ्यावीत, कारण यकृतात कोलेस्टेरॉलची निर्मिती रात्री अधिक होते. अटोर्व्हास्टॅटिन व रोझुव्हास्टॅटिन दीर्घकाळ टिकतात. ती कोणत्याही ठरावीक वेळी चालतात.

७. आपली द्रव्ये आणि स्टॅटिन

गुग्गुळाचा विषय येथे अटळ आहे. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या वर्णनावरून प्रेरणा घेऊन डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ साली काशी हिंदू विश्वविद्यालयात गुग्गुळाचा अभ्यास मांडला आणि त्यातून पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत गुग्गुलिपिड तयार झाले. भारतातील आरंभीच्या चाचण्यांचे निष्कर्ष अनुकूल होते. परंतु २००३ साली अमेरिकेत १०३ व्यक्तींवर आठ आठवडे झालेल्या तुलनात्मक चाचणीत गुग्गुलिपिड घेणाऱ्यांचे एल.डी.एल. कमी न होता ४ ते ५ टक्क्यांनी वाढले, आणि काहींना त्वचेवर पुरळ आले. एका अर्काच्या एका चाचणीवरून गुग्गुळकल्पांच्या अन्य उपयोगांविषयी निष्कर्ष निघत नाही. मात्र उच्च तीव्रतेच्या स्टॅटिनची जागा गुग्गुळ घेईल, असे म्हणण्यास आज आधार नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका चाचणीत सुमारे २०० व्यक्तींमध्ये रोझुव्हास्टॅटिनच्या केवळ ५ मि.ग्रॅ. मात्रेने २८ दिवसांत एल.डी.एल. सुमारे ३८ टक्क्यांनी उतरवले. लसूण, हळद, दालचिनी यांच्या बाजारी पूरकांनी नकली गोळीपेक्षा अधिक घट झालेली दिसली नाही.

परस्परक्रियाही विचारात घ्यावी. अटोर्व्हास्टॅटिन, सिमव्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिन यांचे पचन यकृत-आंत्रातील सी.वाय.पी. ३ए४ या विकराने होते. प्रयोगशाळेतील अभ्यासांत गुग्गुलस्टेरोनने या विकराचे कार्य वाढवलेले, तर पिप्पली-मरिचातील पायपरीनने ते मंदावलेले आढळते. म्हणजे एकाने स्टॅटिनचे बळ घटू शकते, दुसऱ्याने वाढू शकते. स्वयंपाकातील मिऱ्याची चिंता करण्याचे कारण नाही. परंतु गुग्गुळकल्प किंवा त्रिकटुयुक्त कल्प महिनोन्‌महिने द्यायचे असल्यास लिपिड तपासणी एकदा करून घ्यावी. ग्रेपफ्रूटचा रस, तसेच क्लॅरिथ्रोमायसिन आणि इट्राकोनॅझोल ही औषधे हेच विकर अडवतात व स्टॅटिनची पातळी चढवतात. पोषणपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या लाल यीस्टच्या तांदळात तर मोनॅकोलिन-के असते, आणि ते रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिनच होय. 'नैसर्गिक' या शब्दावर विसंबून ते स्टॅटिनच्या जोडीला देऊ नये.

सहकार्य करणारे द्रव्य आपल्या हाताशी आहे, ते म्हणजे इसबगोल. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिमव्हास्टॅटिन १० मि.ग्रॅ. सोबत रोज १५ ग्रॅम इसबगोल देणाऱ्या गटात एल.डी.एल.ची घट सिमव्हास्टॅटिन २० मि.ग्रॅ. इतकीच, म्हणजे सरासरी ६३ मि.ग्रॅ. झाली. औषध न वाढवता एक पायरी मिळाली. अन्य औषधांच्या शोषणात अडथळा येऊ नये म्हणून इसबगोल व गोळ्या यांत दोन तासांचे अंतर ठेवावे आणि पाणी भरपूर प्यावे.

८. तक्रार आली तर

स्टॅटिन घेणारा रुग्ण मांड्या, पोटऱ्या किंवा खांदे दुखतात म्हणून आपल्याकडे येतो आणि आपण त्यास मांसगत वात समजून चिकित्सा आरंभतो, असे घडू शकते. वेदना दोन्ही बाजूंस सारखी असेल आणि गोळी सुरू केल्यापासून अथवा मात्रा वाढवल्यापासून काही आठवड्यांत उद्भवली असेल, तर स्टॅटिनचा विचार करावा. तीव्र अशक्तता व चहासारखी गडद मूत्रप्रवृत्ती असल्यास गोळी थांबवून रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे; हा स्नायुऱ्हास क्वचित होतो, पण वृक्के निकामी करू शकतो. गर्भधारणा झाल्याचे कळताच बहुतेक स्त्रियांत स्टॅटिन थांबवतात. तो निर्णय डॉक्टरांना त्वरित कळवून घ्यावा.

बहुतांश तक्रारी मात्र इतक्या गंभीर नसतात. २०२० साली लंडनमध्ये स्टॅटिन सोडून दिलेल्या ६० व्यक्तींना आळीपाळीने स्टॅटिन, नकली गोळी व काहीच नाही असे महिने देण्यात आले. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास झाला, त्याच्या ९० टक्के त्रास नकली गोळीच्या महिन्यांतही झाला. त्रास खोटा नव्हता, कारण वेगळे होते. अशा रुग्णास न हिणवता मार्ग काढता येतो : तीव्रता एक पायरी उतरवणे, रेणू बदलणे, इझेटिमाइब जोडणे. हे सर्व पर्याय लिहिणाऱ्या डॉक्टरांकडे असतात. वैद्याने रुग्णाच्या हाती चार ओळींचे पत्र द्यावे. त्यात तक्रार, तिचा काळ आणि आपण दिलेली औषधे लिहावीत.

आता दुसरा प्रश्न : गोळी बंद केली तर चालेल का? स्टॅटिन थांबवल्यावर काही आठवड्यांत एल.डी.एल. मूळ पातळीकडे परतते. अहवाल चांगला आला, म्हणजे व्याधी निवृत्त झाली असा अर्थ होत नाही. औषध काम करत आहे एवढाच होतो. डेन्मार्कमधील सुमारे पावणेसात लाख स्टॅटिनसेवकांच्या नोंदींचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की ज्यांनी गोळी लवकर सोडली त्यांच्यात हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण, गोळी चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत, २६ टक्क्यांनी अधिक होते. धमनीत स्टेंट बसवलेल्या रुग्णाने आपल्या एका वाक्यावर विश्वासून गोळी सोडली आणि पुढे काही घडले, तर ते वाक्य परत घेता येत नाही.

९. सारांश

वैद्यबंधुभगिनींनी स्टॅटिन घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर पाच नोंदी कराव्यात, असे आम्ही सुचवतो : औषधाचे मूळ नाव, दैनिक मात्रा, तीव्रतेचा वर्ग, उपचारापूर्वीचे व आताचे एल.डी.एल.; आणि गोळी कोणत्या कारणासाठी सुरू झाली ते कारण. औषधविक्रेत्यांनी वरील कोष्टक काउंटरच्या आतल्या बाजूस लावून ठेवावे. या नोंदींना दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. त्या हाती असल्या म्हणजे चाळिसाचे दहा झाले याचा अर्थ सांगता येतो, आपल्या औषधाची जोड कोठे द्यावी व कोठे हात आखडावा हे ठरवता येते, आणि ज्या रुग्णाची गोळी चालू राहणे आवश्यक आहे त्यास तसे ठामपणे सांगता येते. तो आपल्याकडे विश्वासाने प्रश्न विचारतो. त्याला अंदाजाने उत्तर मिळू नये.